अ‍ॅब्लेशनमध्ये हृदयाचा स्नायू जाळतात म्हणे, मग हृदय कायमचं कमकुवत नाही का होत?

'जाळतात' वाचलं आणि आमचा दादा आठवला. माझं एट्रियल फिब्रिलेशनसाठी (एएफ, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल फडफड) अ‍ॅब्लेशन झालं, त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी रात्री आडवा झालो आणि छातीत परत तीच फडफड. नाडी बघतोय तर दोन ठोके, मधेच गॅप, मग तीन धडाधड, कशाचा कशाला मेळ नाही. बायकोने घाबरून दादाला फोन लावला, आणि तो चपला काढायच्या आधीच, "चांगलं हृदय भाजून घेतलंस, मिळालं काय?" ईसीजीला जाताना गाडीत तेच, येताना तेच.

डॉक्टर शांत होते. म्हणाले पहिल्या दोन-तीन महिन्यांत फडफड परत आली तर आम्ही ती मोजतच नाही. कॅथेटरच्या, म्हणजे हृदयात नेलेल्या बारीक नळीच्या, टोकाला उष्णता तयार होते, साधारण ५० अंशाच्या वर गेलेल्या पेशी मरतात, पण त्यांच्या भोवतीचा भाग नुसताच सुजतो आणि चिडतो, तोच भलते ठोके टाकत बसतो. मेलेल्या जागी वण धरायला आठवडे लागतात, आणि वणातून ठोक्यांचा विजेचा करंट जात नाही, हाच तर सगळा उद्योग. उलटंही होतं बरं का, सूज असेपर्यंत करंट अडतो आणि ती उतरली की फट सापडते, मग काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. माझं तसं झालं नाही, नवव्या आठवड्यापासून शांत आहे, होल्टर (सलग ठोके नोंदणारं छोटं यंत्र) लावून बघितलंय.

आता कमकुवत म्हणाल तर, वण असतात डाव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्यात, फुफ्फुसातून रक्त आणणाऱ्या शिरा उघडतात त्या तोंडांभोवती. बहुतेक भलते ठोके तिथूनच सुटतात हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. पंपाचं मुख्य काम खालच्या कप्प्यांचं, त्यांना इथे हातच लावत नाहीत. माझी बसल्याजागची नाडी तेवढी ६४ची ७६ झाली, ठोके हळू ठेवणाऱ्या तिथल्या मज्जातंतूंच्या गाठीही भाजतात म्हणून, दादाने त्याचाही मुद्दा केला. हल्ली पल्स्ड फील्ड नावाची नवी पद्धत आलीय, त्यात भाजणं जवळपास नाहीच, विजेच्या झटक्यांनी पेशींच्या आवरणाला भोकं पडतात.

हे सगळं एएफचं, खालच्या कप्प्यातल्या गडबडीचं गणित वेगळं. आणि परतपरत खूप भाजलं तर कर्णिका ताठर होऊ शकते, हे खरंय. अन्ननलिका कर्णिकेच्या अगदी मागे असते, म्हणून नंतरच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा गिळताना दुखलं तर थांबायचं नाही, इमर्जन्सीत जायचं आणि अ‍ॅब्लेशन झालंय हे आधी सांगायचं. क्वचित होतं, पण जिवावरचं आहे.

रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका. दादाचं चालूच असतं, "भाजूनही घेतलं आणि वर गोळ्याही." अरे बाबा, गुठळीचा धोका वय, बीपी, शुगर, आधी स्ट्रोक झालाय का यावर ठरतो, ठोके सरळ झाले म्हणून तो जात नाही. तीनदा सांगून झालंय त्याला.