हवामान बदल म्हणजे नेमकं काय आणि आपल्यासारख्यांनी काय करायचं?

निफाडकडे आमची द्राक्षबाग आहे, म्हणून तिथूनच सांगतो. कोळसा डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि शेकडो वर्षं राहतो, कारखाने यायच्या आधी तो हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय आणि त्यानेच उष्णता अडकते. हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरते, मग पाऊस आला की बदाबदा कोसळतो. घडात साखर भरताना असा अवकाळी एक रात्र जरी झाला ना, सकाळी मणी तडकलेले, हात लावला की बोटं चिकट होतात, वर्षभराची मेहनत गेली. प्रत्येक अवकाळीमागे हेच कारण असं नाही म्हणणार, पण जोर वाढतोय.

करायचं काय? झाडं लावाच, पण माझ्या मते आधी वीज बघा, आपल्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातही कोळसाच जळतो. जमत असेल तर छतावर सोलर बसवा, घरगुती 3 किलोवॅटला केंद्राची 78,000 रुपये सबसिडी आहे. शेतकरी असाल तर छाटणीच्या काड्या पेटवू नका, बारीक करून बागेतच टाका, आम्ही तेच करतो.