सेव्ह ॲज केल्यावर मूळ पार्ट का बदलतो

फ्लँजच्या (बोल्टने जोडायच्या कडेच्या चकतीच्या) ड्रॉइंगची कॉपी काढून बोअर, म्हणजे मधलं भोक, २५ मिमीचा ४० केला, तर जुना पार्टही ४० चा झाला, असं तुम्ही लिहिलंय. सॉलिडवर्क्समध्ये (थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) ते होणारच. ड्रॉइंगच्या फाइलमध्ये फक्त मॉडेलचा संदर्भ असतो. नुसती शीट (म्हणजे ड्रॉइंगची फाइल) सेव्ह ॲज केली की नवी शीट जुन्याच पार्टला जोडलेली राहते, आणि शीटवर माप बदललंत की ते थेट त्या पार्टमध्ये जातं.

आधी मूळ पार्ट २५ वर आणा, नाहीतर तो ज्या असेंब्लीत बसलाय तिथेही घोळ होईल. मग पॅक अँड गो (जोडलेल्या सगळ्या फाइली एकत्र कॉपी करायची सोय) उघडा, 'इन्क्लूड ड्रॉइंग्ज'वर टिक करा आणि पार्ट व शीट दोन्हींना तिथेच नवी नावं द्या. आधीच कॉपी केलेली शीट वापरायची असेल, तर ती उघडताना ओपनच्या खिडकीतल्या 'रेफरन्सेस'मधून नवा पार्ट जोडा.

अख्खा पार्ट स्केल करायच्या फंदात मात्र पडू नका. सव्वापट केलं की एम८ बोल्टचं ९ मिमीचं भोक ११.२५ होतं; एम१० ला नेहमीच्या क्लिअरन्समध्ये (बोल्ट सहज जाईल इतक्या मोकळ्या जागेत) ११ लागतं. धड हेही नाही, धड तेही नाही. बेअरिंगची सीट, ओ-रिंगचा ग्रूव्ह यांचंही तेच, ती मापं कॅटलॉगमधून घ्यायची. बाकीची एकेक बदलून दर वेळी रीबिल्ड करा (मॉडेल नव्या मापाने पुन्हा बनवा), म्हणजे फिलेट (गोल केलेली कड) कुठल्या मापाला तुटला ते लगेच कळतं.

खरा दगा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, देतो. २५ च्या बोअरला एच७ (भोकांसाठीचा एक प्रमाणित टॉलरन्स) म्हणजे +०.०२१ ते ० मिमी. ४० ला तोच एच७ +०.०२५ होतो, ६० ला +०.०३०. फिट म्हणून एच७ निवडलेला असेल तर आकडे आपोआप बदलतात. कोणी हाताने ०.०२१ टाइप करून ठेवलं असेल तर ते तसंच राहतं, आणि चेकिंगमध्येही सहसा नजरेतून सुटतं, कारण आकडा दिसायला बरोबरच वाटतो.

ऑटोकॅडच्या टूडी ड्रॉइंगमध्ये असाच प्रकार डायमेन्शनच्या मजकुराचा. स्ट्रेच कमांडने रेघ सरकते, पण वर हाताने लिहिलेलं माप हलत नाही. प्रॉपर्टीजमध्ये 'टेक्स्ट ओव्हरराइड' रिकामं करा, खरं माप दिसेल. (जुन्या ड्रॉइंगांत हे इतकं सापडतं की मी कॉपी हातात आली की पहिल्यांदा तेच बघतो.)

टायटल ब्लॉकमध्ये पार्ट नंबर, वजन, रिव्हिजन तपासा. जुन्या पार्टचा रिव्हिजन इतिहास नव्याला चिकटवू नका.

कॉन्फिगरेशन (एकाच फाइलीत एका पार्टचे वेगवेगळे साइझ) करावं का, हेही विचारलंय. तुमचे तीन-चारच फ्लँज आहेत आणि प्रत्येकाची रिव्हिजन वेगळी चालणार, तेव्हा स्वतंत्र फाइलीच ठेवा. एकाच फाइलीत सगळे कोंबले की एकाची दुरुस्ती करताना बाकीचेही पुन्हा तपासावे लागतात. पुढे वीसेक साइझ झाले आणि फरक फक्त मापांचा उरला, तर डिझाइन टेबल (सगळ्या साइझची मापं एका तक्त्यातून देणारी सोय) करा.