माळवदाचं घर, चौथा मजला अन् रेडॉन

प्रश्न: आम्ही देगलूरचे. जुनं माळवदाचं घर, भिंती दोन-अडीच फुटी, खाली शहाबादी फरशी, माजघरात बुजवलेलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. रेडॉन गॅसचा व्हिडिओ बघून घरचे घाबरायलेत. भाऊ संभाजीनगरला चौथ्या मजल्यावर, तो म्हणतो पाडून टाका. काय करावं?

उत्तर: पाडू बिडू नका हो, आधी फरशी बघा. रेडॉन येतो जमिनीतून. खडकात थोडं युरेनियम असतं, त्याचं होत होत रेडियम बनतं अन् रेडियमचा हा गॅस, ना रंग ना वास. घरातली गरम हवा वर निघून गेली की खालून मातीतली हवा ओढली जाते, धुराड्यासारखं, मग फरशीचे उघडे सांधे, भिंतीच्या बुडाची भेग, बोअरचा पाइप आत येतो तिथली फट, जिथून जमेल तिथून तो शिरतो. मराठवाडा बहुतेक काळ्या बेसॉल्टवर बसलाय, त्यात युरेनियम कमी, पण तुमच्या देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट लागतो अन् त्यात जास्त असतं, म्हणून तुमची शंका काही फालतू नाही.

भावाच्या फ्लॅटला जमिनीचा गॅस फारसा पोचत नाही, विटा-सिमेंटमधून येतो तेवढाच. पत्र्याच्या शेडमधी वारा आरपार, तिथं थांबतच नाही. खरी गंमत नव्या स्लॅबच्या बंगल्यात, खाली तडा अन् वर एसी लावून खिडक्या गच्च बंद, तिथं तुमच्या माळवदापेक्षा जास्त साचू शकतो. तुमच्याकडं खिडक्या लहान असतील, पण झरोका उघडा ठेवताय ना? पावसाळ्यात झाकलेला दिवाळीपर्यंत कुणी काढत नाही, आमच्याकडं तरी तसंच व्हायचं.

पेवात उतरून माणसं गुदमरून गेल्याचं आपण ऐकतो, ते ऑक्सिजन नसल्यानं, रेडॉननं नव्हे. रेडॉन असा एका दिवसात काही करत नाही, वर्षानुवर्षं श्वासातून जाऊन फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, अन् घरात कुणी बिडी ओढत असेल तर धोका कितीतरी पटीनं वाढतो.

मोजायचं तर छोट्या डबीतली प्लॅस्टिकची फिल्म तीनेक महिने खोलीत टांगतात, जवळच्या विद्यापीठात फिजिक्सवाल्यांना विचारून बघा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते घनमीटर हवेत १०० बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आत असावं, नाहीच जमलं तर ३०० च्या वर नको. तोवर सांधे सिमेंटनं भरा, अन् पेवाच्या तोंडावर नुसती माती असेल तर वरून काँक्रीट टाकून घ्या.