लेबल लिहिण्याआधी तेजगढला जाऊन ये

म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, झालं आणि आता आदिवासी वस्तूंच्या संग्रहावर काम मिळतंय म्हणतेस, छान. बडोद्याच्या सयाजीबागेतलं आपलं म्युझियम १८९४ सालचं. त्या काळी क्युरेटर म्हणजे वस्तू जमवणारा, जपणारा आणि लेबल लिहिणारा जाणकार. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना कोण विचारणार! आता विचारावं लागतं. अमेरिकेत २०२४ पासूनच्या नियमांनी मूलनिवासींच्या पवित्र वस्तू मांडायला त्यांची संमती लागते. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयानं तर दोन दालनंच बंद केली.

आपल्याकडचा पिठोरा घे, म्हणजे आदिवासींचं भिंतीवरचं विधीचित्र. राठवा आदिवासींच्या घरी नवस फेडायला लखारे, म्हणजे चित्रकार, तो ओसरीच्या भिंतीवर रंगवतात आणि बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, विधी करतो. तो कापडावर उतरवून टांगायचा आणि खाली ‘आदिवासी चित्र, छोटा उदेपूर’ लिहून मोकळं व्हायचं, हे मला तरी पटत नाही. कुणाच्या घरचा, कशाचा नवस, लखारा कोण? नाव छापायचं की नाही, हेही त्यांनाच विचार. छोटा उदेपूरकडच्या तेजगढ गावातल्या आदिवासी अकादमीतलं ‘वाचा’ संग्रहालय आधी बघ, तिथे त्या समाजातल्या माणसांनीच मांडणीत हात घातलाय.

जुन्या नोंदवहीत अपमानकारक शब्द सापडतील. खोडू नकोस, शेजारी तारीख घालून नवी नोंद कर. वाळवी, दमट हवा हे जुनं काम आहेच, त्यातून सुटका नाही.

आणि माहिती देणाऱ्यांचं मानधन बजेटमध्ये आधीच धर. चहा-फाफड्यावर भागवायची खोड आपल्या लोकांना फार.