लायसन्सवर ‘पोलिसांचा शेरा’ आहे म्हणतात. असा शेरा मारता येतो का, आणि तो कोणाकोणाला दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लायसन्स सिंधुदुर्गचं, एमएच ०७. काम गोव्यात भाड्याची गाडी चालवायचं. नूतनीकरणाला परिवहन कार्यालयात गेलात तर खिडकीवरून उत्तर मिळालं, ‘रेकॉर्डवर पोलिसांचा शेरा आहे, आधी तो काढून आणा.’ कोणी मारला, कशासाठी, हे कोणी सांगत नाही, आणि गाडीमालकालाही तो दिसत असेल का ही धास्ती आहे.

आधी शेरा लायसन्सवर आहे की गाडीवर, ते बघा. थकलेलं ई-चलान, चोरीची तक्रार, ‘ब्लॅकलिस्ट’ हे बहुतेक वेळा गाडीच्या नंबरावर असतं, म्हणजे गाड्यांच्या नोंदीच्या ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर. लायसन्सची नोंद ‘सारथी’वर. परिवहनच्या साइटवर लायसन्सची स्थिती बघायचं पान आहे. तिथे लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की सध्याची स्थिती, शेवटचा व्यवहार कुठल्या कार्यालयात झाला आणि मुदत कधीपर्यंत आहे ते दिसतं. त्याचा तारखेसकट प्रिंट काढून ठेवा. तिथे सगळं सुरळीत दिसत असेल आणि खिडकीवर मात्र शेरा आहे म्हणत असतील, तर तो कार्यालयाच्या आतल्या लॉगिनलाच दिसणारा आहे. त्याची चौकशी लेखीच करावी लागते, तोंडी विचारून हाती काही लागत नाही.

आता अधिकाराचं. रस्त्यावरचा पोलीस लायसन्स तपासू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(४) खाली अतिवेग, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, शर्यत, दुचाकीवर तिघं, हेल्मेट नसणं, रुग्णवाहिकेला वाट न देणं अशा ठरावीक गुन्ह्यांत तो लायसन्स ताब्यातही घेऊ शकतो. त्यापुढे ते परिवहन कार्यालयाकडे पाठवायचं, इतकंच त्याचं काम. निलंबित किंवा रद्द करणं हे कलम १९ खाली लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याचं काम आहे, आणि तेही तुमचं म्हणणं ऐकून, लेखी कारणं देऊन. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ साली हेच स्पष्ट केलं. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण कायदा देशभर तोच आहे, त्यामुळे अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

म्हणजे नोटीस नाही, सुनावणी नाही, आदेश क्रमांक नाही आणि नुसता शेरा आहे, तर त्याच्या जोरावर तुमचं नूतनीकरण अडवायला माझ्या मते आधार नाही. गुन्हा नोंदला गेला म्हणून लायसन्स आपोआप निलंबित होत नाही. अधिकाऱ्याला कारवाई सुरू करता येते, हे मात्र खरं. गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुली नाक्यावर गोव्याची दारू सापडली की गाडी जप्त होते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. दखलपात्र गुन्ह्यात गाडी वापरणं हे कलम १९ मध्ये लायसन्ससाठीही कारण म्हणून दिलंय, हे फार थोड्यांना माहीत असतं. तुमच्या हातून तसं काही झालं असेल तर शेऱ्याचं मूळ तिथे शोधा.

एक घोळ नेहमी होतो. कलम २०६(४) खाली लायसन्स घेतलं की तात्पुरती पावती मिळते, आणि लोक ती खिशात घालून गाडी चालवत राहतात. त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. २०६ च्याच दुसऱ्या पोटकलमाखाली, म्हणजे चालक फरार होईल किंवा समन्स चुकवेल या संशयाने लायसन्स घेतलं असेल, तर मिळणाऱ्या पावतीवर मात्र चालवता येते. तेव्हा पावती हातात पडली की तिच्यावरचं कलम आधी वाचा.

कोण बघतं, ह्याचं उत्तर अर्धं बरं आणि अर्धं वाईट आहे.

बरं ते आधी. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवर दाखवलं आणि ते पडताळून झालं की कागद किंवा कार्ड मागता येत नाही. शिवाय कोणत्या अधिकाऱ्याने, कधी तपासणी केली त्याची नोंद पोर्टलवर राहायला हवी. ही तरतूद चालकाला उगाच छळू नये म्हणूनच आहे, पण तिचा उपयोग करणारे विरळा. ‘माझ्या लायसन्स नंबरची तपासणी कोणकोणत्या तारखांना झाली’ हे तुम्ही माहितीच्या अधिकारात मागू शकता.

वाईट म्हणजे ते स्थितीचं पान उघडायला काय लागतं? नंबर आणि जन्मतारीख, आणि दोन्ही कार्डावरच छापलेले. लॉजवर, सिमकार्डाच्या दुकानात, स्कूटर भाड्याने देणाऱ्याकडे तुमची झेरॉक्स पडलेली आहे, त्या प्रत्येकाला तुमची स्थिती बघता येते. मालकाला तर नक्कीच. सरकारचाही हात इथे सैलच होता: २०१९ साली राज्यसभेत सांगितलं गेलं की वाहन आणि सारथीची माहिती ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना देऊन ६५ कोटी रुपये मिळाले. ते धोरण २०२० मध्ये मागे घेतलं, पण गेलेली माहिती थोडीच परत येते! कायद्यात आणखी एक बोचरी तरतूद आहे: कलम १९ खाली लायसन्स रद्द झालं तर धारकाचं नाव जाहीर करता येतं.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात लैंगिक गुन्ह्याची शिक्षा झालेल्यांच्या लायसन्सवर तसं ठळक नारिंगी अक्षरांत छापत असत. त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. आपल्याकडे कार्डावर तसलं काही छापत नाहीत. पण छापलेलं निदान ज्याचं त्याला दिसतं तरी.

गोपनीयतेचा दावा कशावर करायचा? सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने (२०१७) गोपनीयता मूलभूत हक्क ठरली. सरकारला तीत हात घालायचा तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि प्रमाणशीरपणा, तिन्ही हवेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. गुन्ह्याचा तपास आणि प्रतिबंध यांसाठी कलम १७ मध्ये मोठी सूट आहे. तुमच्या कामी येईल तो मोटार वाहन कायदा आणि माहितीचा अधिकार.

करायचं असं. ओरोसच्या उप प्रादेशिक परिवहन कार्यालयात साधा अर्ज द्या: शेऱ्याचा आदेश क्रमांक, तारीख, कलम, आदेश देणाऱ्याचं पद आणि शेऱ्याची मुदत लेखी कळवावी. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत एक विषय आणि दीडशे शब्द ही मर्यादा आहे, ती ओलांडली की अर्ज परत येऊ शकतो. तपासणीच्या नोंदी हव्या असतील तर त्यासाठी वेगळा अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘तपासात अडथळा येईल’ म्हणून नाकारलं तर कसा अडथळा, हे त्यांनी दाखवायला हवं. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे.

खरोखरच कलम १९ चा आदेश निघाला, तर त्याविरुद्ध अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का फाडून टाकू नका, आदेश कधी मिळाला ते त्यावरून दाखवता येतं. गोव्यात लायसन्स जप्त झालं असेल तर पत्रादेवीच्या सीमानाक्यापलीकडून ओरोसला कागद यायला वेळ लागू शकतो; पावतीवरचा क्रमांक घेऊन ओरोसला आधीच कळवून ठेवा.

आदेशाची मुदत संपूनही नोंद तशीच राहते, हे सर्रास घडतं. तीन महिन्यांचं निलंबन संपलं तरी कोणीतरी बसून ते उठवावं लागतं. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम २५ लक्षात ठेवा: शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा नसेल, तर सगळे शेरे वगळून कोरं लायसन्स मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. फक्त अतिवेगाचा शेरा असेल तर एकच वर्ष. निलंबनाचा काळ यात धरत नाहीत. कायद्यात ह्याची फी पाच रुपये लिहिलीय, कार्डाचे पैसे वेगळे.

मालकाला प्रत द्यावीच लागेल, ते टळत नाही. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘फक्त नोकरीसाठी’ असं तारखेसकट लिहून सही करा, आणि मूळ कार्ड कुणाच्याही गल्ल्यात ठेवू नका.