'स्टिफ अपर लिप'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: एका अनुवादात इंग्रज आजोबा बायकोच्या अंत्यविधीला 'स्टिफ अपर लिप' (शब्दशः 'ताठ वरचा ओठ', म्हणजे दुःख चेहऱ्यावर दिसू न देणं) ठेवून उभे आहेत. तिथे 'निर्विकार चेहऱ्याने' चालेल का?

माझ्या मते नाही. निर्विकार म्हणजे ज्याच्या मनात विकारच उठला नाही तो. या आजोबांच्या पोटात कालवतंय, फक्त त्यांना ते दिसू द्यायचं नाही. 'निर्विकार' लिहिलंत तर वाचक त्यांना दगड समजेल, आणि इंग्रजांबद्दल हा गैरसमज आपल्याकडे आधीच पुष्कळ आहे.

मूळ चित्र अगदी साधं आहे. रडू फुटायच्या आधी ओठ थरथरतो, तो ताठ धरायचा. आपल्याकडेही रडकुंडीला आलेलं मूल 'ओठ काढतं'. आपलं लक्ष खालच्या ओठाकडे, त्यांचं वरच्या, एवढाच फरक. ब्रिटिशांची ओळख होऊन बसलेल्या या प्रयोगाची जुनी छापील नोंद मात्र अमेरिकेतली आहे, १८१५ची!

हा स्वभावही त्यांच्या रक्तातला म्हणता येत नाही. १७९१मध्ये सहकारी खासदार एडमंड बर्कशी मैत्री तुटली तेव्हा चार्ल्स जेम्स फॉक्स हा राजकारणी भर पार्लमेंटात रडला होता. न रडण्याचं वळण पक्कं झालं ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात. १८७२मध्ये डार्विनने लिहून ठेवलंय की अगदी तीव्र दुःख असल्याखेरीज इंग्रज पुरुष क्वचितच रडतात.

या वळणाचं टोक म्हणजे रॉबर्ट स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला कॅप्टन ओट्स. १९१२, अंटार्क्टिका, हिमदंशाने पाय निकामी झालेले. सोबत्यांवर आपला भार नको म्हणून तो तंबूतून हिमवादळात निघून गेला. जाताना काय म्हणाला ते स्कॉटच्या रोजनिशीत आहे: 'मी जरा बाहेर जातोय, थोडा वेळ लागेल कदाचित.' निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो, पण इथे मला ते लिहवत नाही. तो परतणार नाही हे तंबूतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

'मूग गिळून'ही नको, ते बोलायच्या वेळी गप्प बसणाऱ्याला शोभतं. मराठीत याच्या सगळ्यात जवळ जातो तो आवंढा. त्यात हुंदका आहे आणि तो परतवणंही आहे. मी असं लिहीन: 'आजोबा आवंढा गिळून ताठ उभे राहिले.'