वापरलेले कापडी डायपर विकता येतात का? कोणी घेतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अडीच वर्षांची झाली, डायपर सुटले, 18 कापडी डायपर कपाटात पडून आहेत आणि "वापरलेले कोण घेणार?" म्हणून घरचे हसतायत. घेतात हो. मी गेल्या वर्षी 14 पैकी 12 विकले.

आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या होत्या, "लंगोट कधी कुणी विकतं का? द्यायचे असतात." त्यांचंही खरंच. माझ्या मुलाला पहिलं झबलं त्यांनीच मुद्दाम जुनं, जाऊबाईंच्या मुलाचं घातलं होतं, आणि दुपटी त्यांच्या जुन्या नऊवारीची होती. म्हणजे दुसऱ्याचं वापरलेलं बाळाला घालायची किळस आपल्याकडे नव्हतीच कधी. पण लुगडं घरचं होतं, आणि यातले आठ डायपर मी सात-आठशेला एक असे घेतले होते. बाकीचे सहा तीनशेवाले.

आता कामाचं. सगळ्या आया डागांची काळजी करत बसतात. डागांचं एवढं काही नाही. ओले पॅड, म्हणजे आत घालायच्या शोषून घेणाऱ्या घड्या, दोन दिवस कडक उन्हात टाकले की बरेचसे फिके पडतात, आणि राहिले तर फोटोत दाखवून मोकळं व्हायचं. किंमत ठरते ती मांडीजवळच्या इलॅस्टिकवर. ओढून सोडा. चटकन आखडलं तर डायपर विकायच्या लायकीचा आहे. लोंबत राहिलं तर तो गळणारच, मग वरचं प्रिंट कितीही गोड असो. माझ्या चार डायपरचं इलॅस्टिक गेलं होतं. कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडून बदलून घेतलं. काका आधी बघतच राहिले, मग केलं. त्यांना एकच सांगायचं, शिलाई जुन्या नेफ्यातच घाला. मधल्या कापडाला सुई लागली की त्या भोकांतून पाणी झिरपतं.

दुसरं ते आतलं प्लॅस्टिकसारखं अस्तर, पीयूएल. डायपर ट्यूबलाइटसमोर धरा. अस्तर कापडापासून सुटून फुगे आले असतील, तडे दिसले, तर तो विकू नका. त्यावर इलाज नाही.

तिसरे पॅड. कोरड्या पॅडवर चमचाभर पाणी ओता. अळवावरच्या पाण्यासारखं वर थांबलं तर पॅडवर थर बसलाय. आम्ही वाघोलीत टँकरच्या जड पाण्यावर, त्यात बाळाला रोज खोबरेल तेलाचं मालिश, वर रॅशचं मलम. थर बसणारच. कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड वापरलं असेल तर विचारूच नका. पॅड कडकडीत पाण्यात कपडे धुवायच्या साध्या पावडरीत तास-दोन तास भिजवा, मग फेस यायचा थांबेपर्यंत नुसत्या पाण्यातून काढा. मला पाच वेळा काढावे लागले. बाहेरच्या कव्हरला मात्र उकळतं पाणी नको, अस्तर सुटतं. बाळाला बुरशीचा रॅश झाला असेल तर ते घेणारीला सांगायचंच, लपवायचं नाही. मी तेव्हा वापरलेले दोन पॅड बाजूलाच काढले.

किंमत म्हणाल तर, महागडे आठ मी 300 ला एक दिले, इलॅस्टिक बदललेले चार 80 ला एक. एकूण 2720 आले. निम्म्याच्या वर मागितलं की बायका म्हणतात, त्यात थोडे घालून नवाच घेऊ, आणि बरोबरच आहे त्यांचं. बटणवाले पटकन जातात. वेलक्रोत धागे अडकून ते मळकट दिसतं, पकडही जाते.

गिऱ्हाईक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच मिळालं. फोटो दिवसाउजेडी काढा, आतल्या बाजूचा आणि इलॅस्टिक ताणलेला असे दोन्ही. किती महिने वापरले आणि बटणं किती वजनापर्यंत पुरतात तेही लिहा. माझ्या डायपरवर 5 ते 17 किलो होतं. बाहेरगावी पाठवणार असाल तर पोस्टाचा खर्च कोणाचा ते आधी बोला, माझा त्यावरून एक सौदा फिसकटला. आणि जून उजाडायच्या आत विकायला काढा. पावसाळ्यात पॅड वाळत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आईला तेव्हा दहाही कमी पडतात. माझे आठ एकाच घरी गेले ते त्यामुळेच.

नवजात मापाचे चार लंगोट होते ते मी हिशोबात धरलेच नाहीत, नणंदेच्या बाळंतविड्यात दिले. सासूबाई खूश.

न विकलेल्या दोन डायपरचे पॅड मायक्रोफायबरचे आहेत. स्कूटर पुसायला एक नंबर.